पॉलिसी कुठली घेणार?

पॉलिसी हा शब्द कानावर पडला की मराठी मध्यमवर्गीय माणूस आधी दाराची कडी लावून घेतो. आमच्या गल्लीत विम्याचे तीन एजंट आहेत. त्यांतले दोन माझे नातेवाईक आहेत, आणि तिसरा सौ.च्या माहेरचा असल्यामुळे नातेवाइकांहून जवळचा आहे. तेव्हा पॉलिसी म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. ती घेताना मुदत, हप्ता आणि फायदा असे तीन शब्द ऐकू येतात; घेतल्यावर त्यांतले पहिले दोनच शिल्लक राहतात. अशा माणसाने चाळिशी उलटल्यावर, कोणी मागे लागलेलं नसताना, रात्री अकरा वाजता आपण होऊन पॉलिसी घ्यायला बसावं, आणि तीही अस्तित्वातच नसलेल्या एका साम्राज्यासाठी, याला काय म्हणावं? सौ. जे म्हणते ते छापण्याजोगं नाही.

हे साम्राज्य म्हणजे 'सिव्हिलायझेशन' नावाचा संगणकावरचा खेळ. सिड मायर आणि ब्रूस शेली या दोन गृहस्थांनी तो रचला आणि मायक्रोप्रोज नावाच्या अमेरिकन कंपनीने १९९१ साली बाजारात आणला. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी तुमच्या हाती बिऱ्हाड पाठीवर घेतलेली एक टोळी देतात. भोवती सगळा अंधार. तिथून शहर वसवायचं, अक्षरं शोधायची, चाक शोधायचं, शेजाऱ्याशी तह करायचा, मग त्याच शेजाऱ्याशी भांडायचं, असं करत करत सहा हजार वर्षं संसार रेटायचा. आमचे चिरंजीव अभ्यास सोडून हे करत असत. त्यांना रागवायला म्हणून मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. पुढे त्यांनी अभ्यासाला सुरुवात केली. खुर्चीतून मी काही उठलो नाही.

या खेळाचं मला सर्वांत काय आवडलं सांगू? तो बुद्धिबळासारखा आळीपाळीने खेळायचा असतो. तुमची खेळी पुरी होऊन तुम्ही 'पुढचा डाव' असं बटण दाबल्याखेरीज जग तसूभरही पुढे सरकत नाही. तुम्ही चहा घेऊन या, पान लावा, दोन दिवसांनी या. अलेक्झांडरपासून बिस्मार्कपर्यंत सगळे मुकाट उभे! काउंटरच्या काचेमागे बसून वीस वर्षं मी ज्या जगाचं स्वप्न पाहत आलो ते नेमकं हेच. मी पुढे ढकलल्याशिवाय काहीही पुढे जात नाही, आणि तरीही रांगेतून कोणी ओरडत नाही.

आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेला संपला, तोही सलोख्याने नव्हे. पण राज्य कोणत्या धोरणाने चालवावं या प्रश्नाची या खेळात जी तीसेक वर्षांची हकीकत आहे, ती मला एखाद्या जुन्या लेजरसारखी वाटते. पानं उलटत जावं तसं दिसत जातं, की नावं बदलतात, खातं तेच राहतं.

पहिल्या खेळात, म्हणजे १९९१ साली, धोरण असं काही नव्हतंच. सरकारं होती. सुरुवातीला एकतंत्री जुलूम, मग राजेशाही, साम्यवाद, प्रजासत्ताक आणि लोकशाही. लोकशाहीत भ्रष्टाचार नाही असं त्या खेळात स्वच्छ लिहिलं होतं, त्यावरून तो काल्पनिक आहे हे सुज्ञांनी ओळखलंच असेल. मात्र लोकशाहीत लढाई करणं कठीण. सैन्य बाहेर पाठवलं की घरी लोक नाराज, आणि तुम्ही लढाईच्या ऐन भरात असताना तुमचं सिनेट परस्पर तह करून मोकळं! एका सरकारातून दुसऱ्यात जायचं तर क्रांती करावी लागे, आणि क्रांती झाली की काही डाव नुसतं अराजक. कर जमत नाही, कोणी कोणाचं ऐकत नाही. आमच्या शाखेत जुनी संगणकप्रणाली काढून नवी बसवली तो आठवडा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना अराजक म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. ज्याने इजिप्तचे पिरॅमिड बांधले त्याला मात्र अराजक माफ. याचं कारण मला आजवर कळलेलं नाही, पण सवलतींची कारणं विचारू नयेत हे बँकेत शिकलो आहे.

मग २००५ साली चौथा खेळ आला. सोरेन जॉन्सन हा त्याचा प्रमुख रचनाकार. त्याने एकसंध सरकार मोडून त्याचे पाच रकाने केले: राज्यपद्धती, कायदा, श्रम, अर्थव्यवस्था आणि धर्म. प्रत्येक रकान्यात पाच पर्याय, हवा तो निवडा. उडप्याच्या हॉटेलातल्या थाळीसारखं. मी मोठ्या हौसेने एकेक रकाना वाचत श्रमाच्या रकान्याशी आलो आणि थबकलो. पर्याय होते: टोळीपद्धत, गुलामी, भूदास्य, जातिव्यवस्था आणि मुक्ती.

जातिव्यवस्था! आमची! मेनूकार्डावर! आणि फायदा काय, तर ती स्वीकारली की शहरात कलावंत, व्यापारी आणि शास्त्रज्ञ हवे तितके नेमता येतात, मर्यादा नाही. वाचकहो, परदेशी माणसाने आपल्या घरातला पसारा पाहून "वा, काय कलात्मक मांडणी!" म्हणावं तसं मला झालं. जॉन्सनसाहेबांचा दोष नाही. जन्माने काम ठरलं की प्रत्येक कामाला माणूस मिळतो, एवढंच त्यांनी गणितात घातलं असावं. पण ज्यांना पाटी-पेन्सिलीला हात लावू दिला नाही त्यांच्यात शास्त्रज्ञ किती होते, हा आकडा त्या चौकटीत नाही. तो आपल्याही चौकटीत फार उशिरा आला.

गंमत पुढेच आहे. त्याच रकान्यातला शेवटचा पर्याय मुक्ती. एका देशाने मुक्ती स्वीकारली की ज्या देशांनी ती स्वीकारलेली नाही तिथले लोक नाराज होऊ लागतात. तुम्ही काहीही केलेलं नाही, कर वाढवला नाही, धान्य तोडलं नाही; समुद्रापलीकडे कोणीतरी कोणाच्या तरी बेड्या काढल्या आणि तुमच्या शहरातले चेहरे उतरले. प्रथम मला हा नियम कृत्रिम वाटला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, गेम बॅलन्ससाठी ठेवलंय ते." असेलही. पण मला आठवलं ते पुण्याचं १८७३ साल. अमेरिकेत लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १८६३ चा, आणि १८६५ मध्ये राज्यघटनेतच दुरुस्ती होऊन तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतर आठ वर्षांनी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढलं आणि ते कोणाला अर्पण केलं? गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना! तेव्हा ना तारेवर फुकट गप्पा, ना टीव्ही. तरी तिकडची बेडी तुटल्याचा आवाज गंज पेठेत ऐकू आला. खेळात त्याला नाराजी म्हणतात आणि लाल तोंडाचं एक चित्र दाखवतात. नाराजी हा राज्यकर्त्यांचा शब्द झाला; ज्याला ती होते तो तिला आशा म्हणत असावा.

आता येऊ मूळ मुद्द्यावर, म्हणजे पॉलिसीवर. २०१० च्या पाचव्या खेळात जॉन शेफर या प्रमुख रचनाकाराने रकाने काढून टाकले आणि झाडं आणली. 'परंपरा' हे एक झाड, 'स्वातंत्र्य' हे दुसरं, 'शौर्य' तिसरं, आणि पुढे आणखी. देवळं, स्मारकं वगैरे बांधून संस्कृतीचे गुण साठवायचे आणि पुरेसे साठले की त्या गुणांवर एक पॉलिसी घ्यायची. संस्कृतीचा एवढा रोख उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. दर वेळी हप्ता वाढत जातो. आणि मुख्य म्हणजे एकदा घेतलेली पॉलिसी परत करता येत नाही. सरेंडर व्हॅल्यू शून्य! चौथ्या खेळात आज राजेशाही, उद्या प्रजासत्ताक असं चालत होतं; इथे पहिलं पाऊल टाकलं की पुढे सहा हजार वर्षं तो निर्णय तुमच्या घरात राहणार, लग्नासारखा.

इसवी सनापूर्वी साडेतीन हजाराच्या सुमारास तुमच्यापुढे प्रश्न येतो: परंपरा की स्वातंत्र्य? नावं ऐकून भाषण ठोकावंसं वाटतं. पण आतलं कलमवार वाचलं की ध्यानात येतं, हा प्रश्न भाषणाचा नाही, बॅलन्सशीटचा आहे. परंपरा घेतली की राजधानी भरभराटते. तिथे संस्कृतीचे तीन गुण ताबडतोब, लोकसंख्या जोरात, राजधानीतल्या माणसांमागे सोनं. पहिल्या चार शहरांना संस्कृतीची एकेक इमारत फुकट, आणि झाड पूर्ण केलंत की त्याच पहिल्या चार शहरांना पाण्याचा पाट फुकट. पहिल्या चार, हे नीट ध्यानात घ्या. स्वातंत्र्य घेतलं तर प्रत्येक शहराला थोडं थोडं: एक गुण संस्कृतीचा, एक उत्पादनाचा. शिवाय वसाहत करणारी एक टोळी फुकट, एक कामकरी फुकट, आणि सगळे कामकरी पाव पटीने झपाट्याने काम करणार. म्हणजे परंपरा सांगते, चार मुलं नीट शिकवा. स्वातंत्र्य सांगतं, होऊ देत, ज्याचं त्याचं नशीब.

सुरुवातीला यावर वाद चालत. २०१३ साली 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ही पुरवणी आली आणि तीत एक बारीक कलम घातलं गेलं: सर्वसाधारण आकाराच्या नकाशावर दर शहरागणिक विद्येचा खर्च ५ टक्क्यांनी वाढणार. झालं! आमच्यासारख्या टक्केवारीवर पोट भरणाऱ्यांना लगेच कळलं की पाचवं शहर वसवणं परवडत नाही. जगभरच्या खेळाडूंनी तेच गणित केलं, आणि चार शहरं व परंपरा हा जवळजवळ पाठ झालेला मंत्र बनला. गीतेचे अठरा अध्याय पाठ असणाऱ्या आमच्या काकांना जितकी खात्री नसेल तितकी खात्री चिरंजिवांना या मंत्राची आहे.

त्यातून तुम्ही भारत घेऊन खेळत असाल तर बघायलाच नको. पाचव्या खेळात भारताचे नेते महात्मा गांधी. प्रत्येक देशाला एक खासियत असते, तशी भारताची खासियत अशी, की शहरांच्या संख्येमुळे येणारी नाराजी दुप्पट, पण माणसांच्या संख्येमुळे येणारी निम्मी. अर्थ उघड आहे: शहरं थोडी करा आणि ती माणसांनी ठासून भरा. खेड्यांत जा म्हणून ज्यांनी जन्मभर सांगितलं, राजधानी सोडून ज्यांनी वर्ध्याजवळ सेवाग्रामला बिऱ्हाड केलं, त्यांच्याच हाती गिरगावच्या चाळीचं धोरण! मुंबईच्या लोकलमधून पाहिलं तर खेळवाल्यांचं निरीक्षण चूक म्हणवत नाही. पण गांधीजींच्या तोंडी ते बरं दिसत नाही.

इथे मला थांबून एक खाजगी गोष्ट सांगायला हवी, कारण 'पाचवं शहर परवडत नाही' हे वाक्य वाचताना माझ्या पोटात कुठेतरी हलतं. मी लहानपणी पाचव्या शहरात राहिलो आहे.

हकीकत अशी. १९६९ च्या १९ जुलैला १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९८० मध्ये आणखी ६ बँकांचं. मधे १९७७ साली रिझर्व्ह बँकेने एक नियम घातला: जिथे बँक आधीच आहे अशा ठिकाणी एक नवी शाखा हवी असेल, तर जिथे एकही बँक नाही अशा चार ठिकाणी शाखा काढा. एकास चार! हा नियम १९९० पर्यंत चालला. खेळाच्या भाषेत सांगायचं तर कोणीतरी मुंबईत बसून स्वातंत्र्याच्या झाडावर टिचकी मारली. मुंबईत ती टिचकी. आमच्याकडे तो ट्रंका, कपाट आणि तुळशीची कुंडी भरलेला टेम्पो होता. बाबा क्लार्कचे अधिकारी झाले होते आणि त्यांची बदली विदर्भातल्या एका लहान गावी, नव्या शाखेत झाली होती. शाखा म्हणजे दोन खोल्या. एकीत तिजोरी आणि दुसरीत बाबा, कारण दोन्ही एका खोलीत मावत नव्हते.

ती शाखा नफ्यात आल्याचं मी कधी ऐकलं नाही. बाबांच्या जेवणात भाकरीबरोबर थकबाकी हा शब्द रोज असे. पण एक चित्र मला चांगलं आठवतं. एक म्हातारे शेतकरी पासबुक घेऊन दर आठवड्याला यायचे, पैसे भरायला नव्हे, काढायला नव्हे, नुसते नाव वाचून घ्यायला. बाबा त्यांचं नाव मोठ्याने वाचायचे. ते मान डोलवायचे आणि जायचे. सरकारी कागदावर आपलं नाव कर्जदार म्हणून नव्हे तर धनी म्हणून लिहिलंय, याची दर आठवड्याला खात्री करून घेत असावेत. पाच टक्क्यांच्या कलमात या व्यवहाराची नोंद कुठल्या बाजूला करायची, डेबिट की क्रेडिट, हे मला बी.कॉम. होऊनही सांगता यायचं नाही.

पुढे रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी या एकास चारच्या नियमाचा अभ्यास केला. २००५ साली तो प्रसिद्ध झाला. खेड्यांतल्या या शाखांमुळे ग्रामीण दारिद्र्य कमी व्हायला हातभार लागला, असा त्यांचा निष्कर्ष. कर्जं बुडाली हेही त्यांनी लपवलेलं नाही. म्हणजे बाबांची थकबाकी खरी होती, आणि म्हाताऱ्यांचं मान डोलावणंही खरं होतं. तो अभ्यास वाचायला बाबा नव्हते. असते तरी त्यांनी आधी तळटीपा तपासल्या असत्या.

मी हे चिरंजिवांना सांगितलं. ते म्हणाले, "पण बाबा, जिंकायचं असेल तर ट्रॅडिशनच." त्यांचं बरोबर आहे. जिंकायचं असेल तर. मी त्यांना विचारलं, की पाचव्या शहरात जो राहतो तो कोणत्या डावात जिंकतो? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आईला हाक मारली.

गंमत म्हणजे संसारात मी कडवा परंपरावादी. आमच्या बँकेत अधूनमधून बढतीचं परिपत्रक निघतं. बढती म्हणजे पगार, खुर्ची आणि बदली. मी आजवर प्रत्येक वेळी 'इच्छुक नाही' या चौकोनात खूण केली. आईचे गुडघे, चिरंजिवांचं कॉलेज, घराचे हप्ते आणि पंचवीस वर्षं एकाच वाण्याकडे असलेली उधारी. चार शहरं झाली की नाही? त्याचं मला दुःख नाही. चार शहरं नीट सांभाळणं हेही एक राज्यच आहे, आणि ते मी बऱ्यापैकी चालवलं आहे. पण खेळाला बसलो की माझा हात स्वातंत्र्याच्या झाडाकडे जातो. पाचवं शहर होतं, सहावं होतं, सातवं तर वाळवंटात होतं. विद्या मागे पडते. दोन हजार वर्षांनी शेजारी तोफा घेऊन येतो आणि माझ्याकडे अजून भाले असतात. मी हरतो. व्यवस्थित, शिस्तीत, बॅलन्स जुळवून हरतो.

२०१६ च्या सहाव्या खेळात हीच धोरणं पत्त्यांसारखी केली आहेत. एक पत्ता काढा, दुसरा लावा. सोय चांगली आहे. पण मला पाचवाच बरा वाटतो. धोरण परत घेता येत नाही हे त्यात खरं आहे. वरच्याला ते बदलता येतं हो, नवं परिपत्रक काढलं की झालं. ज्याच्यावर ते लागू होतं त्याचं बालपण मात्र त्या गावात होऊन गेलेलं असतं.

यंदाही परिपत्रक आलं आहे. शेवटची तारीख येता शुक्रवार. चिरंजीव आता परगावी नोकरीला लागले, तेव्हा एक शहर कमी झालं आहे. आईला विचारलं, "त्या गावाचं तुला काय आठवतं गं?" मला वाटलं, टेम्पो आठवेल, विंचू आठवतील. ती म्हणाली, "पाणी खारं होतं. पण कोणीतरी पहाटे ओट्यावर दुधाचा तांब्या ठेवून जायचं. कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही."

सौ. म्हणते, गुडघ्यांना कोरडी हवा मानवते. हे तिने कुठे वाचलं ते ती सांगत नाही. परिपत्रक सध्या फळीवर डब्याखाली आहे. रात्री खेळ उघडला तर स्वातंत्र्यात फुकट मिळालेला तो कामकरी वाळवंटातल्या सातव्या शहराकडे रस्ता करत होता. रस्ता पुरा व्हायला आणखी तीन डाव लागणार होते. मी पुढचा डाव दाबला.